रिकाम्या धोट्याचा आवाज

वैशाखातली दुपार धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आधी वासानं येते. कूलरच्या ताट्यांतला वाळा भिजला की त्याचा तो ओल्या मातीच्या जवळचा, किंचित गोड आणि किंचित कडसर गंध पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांतसुद्धा मुरत जातो. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला असतो, समोरच्या कडुनिंबाखाली एखादं कुत्रं सावलीबरोबर इंच इंच सरकत असतं, आणि आत मी आणि माझे बाबा एका मोठ्या पेचात सापडलेले असतो. कूलर लावला तर मोबाइलमधले लेखक ऐकू येत नाहीत, आणि लेखक ऐकायचे तर कूलर बंद करावा लागतो. गारवा की साहित्य, असा हा रोजचा निवाडा. बहुतेक वेळा साहित्य जिंकतं, आणि आम्ही बापलेक घाम पुसत कुणा कादंबरीकाराची निर्मितिप्रक्रिया समजून घेत बसतो.

हे वेड मला नोकरी संपल्यावर लागलं. कथा-कादंबऱ्या लिहिणारी माणसं आपापल्या पुस्तकांविषयी, लिहिण्याच्या सवयींविषयी, अडलेल्या प्रकरणांविषयी बोलतात, ते व्हिडिओ मी एकामागून एक पाहू लागले. त्यांची मांडणी एव्हाना मला पाठ झाली आहे. मागे पुस्तकांचं कपाट, पुढ्यात झाकण घातलेला पाण्याचा पेला, कडेला एक प्लास्टिकचं फूल, आणि मुलाखत घेणाऱ्याचा तो अजरामर प्रश्न : हे पात्र तुम्हाला नेमकं कुठे भेटलं? मग कुणी सांगतं की पात्रं आपल्या पायांनी चालू लागतात, कुणी पहाटे उठून लिहितं, कुणाला विशिष्ट शाईच लागते. मी थट्टा करते आहे, पण खरं सांगायचं तर मला हे सगळं मनापासून आवडतं. आयुष्यभर ज्यांची वाक्यं उशाशी घेऊन झोपले, त्यांचा घसा कसा खाकरतो, हसताना डोळे कसे मिटतात, हे उतारवयात पाहायला मिळणं ही काही लहान चैन नव्हे.

बाबा या चैनीत आले ते माय गेल्यानंतर. तांडापेठेतलं घर बंद करून मी त्यांना इकडे आणलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बराच पुढे गेला होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला आहे, कडा तेवढ्या शिल्लक आहेत. त्यामुळे बाबा तुमच्याकडे थेट बघत असले तर समजावं की त्यांना तुम्ही दिसत नाही आहात; आणि तोंड फिरवून भलतीकडे पाहू लागले तर समजावं की आता ते तुम्हाला न्याहाळत आहेत. सुरुवातीला पाहुण्यांना हा अपमान वाटे. चहाचा कप पुढे केला की बाबा दाराकडे पाहत आणि कप बरोबर पकडत.

मी त्यांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता, पण तो फसला. माझा आवाज त्यांना पुरत नाही. दोन पानं झाली की ते म्हणायचे, “तू मनातल्या मनात काहून वाचते वं?” त्यांचा दोष नाही. त्यांना मायच्या वाचनाची सवय होती, आणि मायचं वाचन हे प्रकरणच निराळं होतं.

आमचं तांडापेठेतलं घर म्हणजे एक हातमाग आणि त्यातून उरलेल्या जागेत आम्ही. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत आणि लुगडी विणत. पाय खालच्या दांड्या दाबत, एक हात दोरी ओढी, आणि आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावे. खट् आणि खटाक्, खट् आणि खटाक्, त्या तालावर आमच्याकडे पोळ्या लाटल्या जात, पाढे पाठ होत, भांडणंही होत. सूत भरून कांड्या तयार करायचं काम मायचं. सकाळी ती ते उरकून घेई आणि दुपारी हात रिकामे झाले की पेठेतल्या वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडून मागाशेजारी भिंतीला टेकून बसे. आधी पुस्तकाला हात लावून नमस्कार करी, मग ज्यानं कुणी ते लिहिलं असेल त्याचं नाव खणखणीत आवाजात घेई, आणि मग वाचायला सुरुवात.

मागाच्या आवाजावर मात करायची म्हणून ती सारं काही ओरडूनच वाची. पहाटेचं वर्णन असो, मरणाचं असो की प्रेमाचं, पट्टी एकच. एक नियम मात्र कडक होता : धागा तुटला की बाबा माग थांबवत, आणि माग थांबला की मायही थांबे. धागा जोडेपर्यंत गोष्ट जिथल्या तिथे. पण ओरडणाऱ्या माणसाला एकाएकी थांबता थोडंच येतं! एकदा धागा नेमका नायिकेच्या कबुलीजवाबाच्या वेळी तुटला आणि अचानक पडलेल्या शांततेत मायचा आवाज सबंध गल्लीत घुमला, “तुमच्यावाचून मी जगू शकणार नाही!” समोरच्या ओट्यावरून सखूकाकूनं तत्काळ विचारलं होतं, “कोणावाचून वं?” पुढे किती तरी दिवस ती बाबांकडे पाहून पदराआड हसत असे.

मायचे कानही असेच धारदार. स्वयंपाकघरात फोडणी तडतडत असली तरी तिला मागाचा आवाज बदललेला कळे. धोट्यातली कांडी संपली की त्याच्या धावण्यातली सुताची सरसर नाहीशी होते आणि तो पोकळ, कोरडा वाजतो. आम्हाला काही फरक कळत नसे. ती मात्र तिथूनच ओरडे, “कांडी संपली ना जी, पहा!” आणि खरंच संपलेली असे. रिकामा धोटा मारत राहणं म्हणजे विणकराच्या घरात हसं होण्याची गोष्ट. हातपाय चालतात, आवाज होतो, आणि कापड एक सूतभरही पुढे सरकत नाही. नवशिक्या पोरालाही त्यावरून टपली बसे.

मी नुकती शाळेत जाऊ लागले होते, त्या वर्षीची एक गोष्ट मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही. चंद्राआत्या ही बाबांची धाकटी बहीण. उमरेडकडे दिली होती. सासरी जाच होता; ती मधूनमधून निघून आमच्याकडे यायची, दोन-चार दिवस राहायची, मायशी स्वयंपाकघरात कुजबुजायची, आणि मग बाबा तिची समजूत घालून तिला परत पोचवून यायचे. तसं सगळेच भाऊ करत. बहिणीचं घर मोडू नये, हाच त्या काळातला शहाणपणा. शेवटच्या खेपेलाही बाबाच तिला एस.टी.नं सोडून आले. त्यानंतर काही दिवसांनी ती गावच्या तलावावर धुणं घेऊन गेली आणि परत आली नाही.

बाबा बोलायचे थांबले. रडले नाहीत, भांडले नाहीत, सासरच्यांना शिव्याही दिल्या नाहीत. फक्त मागावर बसत आणि विणत. जेवायला वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर मागत नसत. गल्लीतली माणसं येऊन बसत आणि उठून जात. मायनं बरेच दिवस पुस्तकाला हात लावला नव्हता. मग एका दुपारी, बहुधा त्या खट् खटाक् खेरीज घरात काहीच ऐकू येईना म्हणून, तिनं वाचनालयातून हाताला लागेल ती कादंबरी आणली. मुखपृष्ठावर एक नदी होती आणि काठाला लागलेली नाव.

तिला काय ठाऊक आत काय वाढून ठेवलंय! कादंबरीतली वत्सला सासरच्या छळाला कंटाळून पुन्हा पुन्हा माहेरी येते आणि तिचा भाऊ पुन्हा पुन्हा तिला नावेत बसवून पलीकडे पाठवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मायच्या लक्षात आलं असणार. तिनं पुस्तक परत केलं असतं, पण त्या दुपारी वाचन थांबलं तेव्हा बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलले होते. “मंग?” एवढंच म्हणाले. त्या एका शब्दानं मायचे हात बांधले गेले. पुस्तक थांबवावं तर बाबांचं उघडू पाहणारं तोंड पुन्हा मिटणार, आणि वाचावं तर पुढे नदी.

शेवटचं प्रकरण मार्गशीर्षातल्या एका दुपारी आलं. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप मागावर पडली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. मी पाटीवर काहीतरी गिरवत मायच्या गुडघ्याशी बसले होते. वत्सला नदीकाठी बसली आहे, दिवस कलला आहे, नाव निघून गेली आहे, आणि ती माहेरच्या वाटेकडे पाहते आहे. इथे माय थांबली. मी मान वर करून मागाकडे पाहिलं. धागा तुटला नव्हता. माग चालूच होता, खट् आणि खटाक्, आणि तरीही माय थांबली होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. मग तिनं पुन्हा वाचायला घेतलं, जरा बसक्या आवाजात. वाटेवर धूळ उडाली, धुळीतून एक पागोटं दिसलं, भाऊ धापा टाकत काठावर आला आणि बहिणीचा हात धरून म्हणाला, “चाल वं, घरी चाल. आता नाही पाठवत तुले.”

मला गंमत वाटली होती. इतके दिवस पुस्तकातली माणसं पुस्तकासारखी बोलत होती, आणि हा भाऊ शेवटच्या पानावर एकदम आमच्या पेठेतल्यासारखा बोलला. लेखिका आपल्याकडची असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी बाबांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. पुढे माग गेले, बाबा इतवारीत एका कापडाच्या दुकानात कामाला लागले, मी शिकले, नोकरी केली, शेकडो पुस्तकं वाचली. ती कादंबरी मात्र पुन्हा हातात घ्यावी असं वाटलं नाही. ती मला पूर्ण मिळालेली होती.

मोबाइलवरच्या लेखकांशी बाबांचं सूत जमलं ते हे असं सगळं मागे ठेवून. त्यांचे शेरे स्वतंत्रपणे छापावेत असे असतात. एक नामवंत तासभर स्वतःच्या लेखनाविषयी बोलल्यावर ते म्हणाले होते, “बोलूनच राहिला मघापासून. लिहिते कवा हा?” आणि मग एक दिवस त्यांनी त्या नदीवाल्या लेखिकेचं नाव घेतलं. मायनं रोज वाचनापूर्वी मोठ्यानं उच्चारलेलं ते नाव त्यांच्या कानात जसंच्या तसं राहिलं होतं. “तिचं असन काय वं याच्यात?”

होतं. बाबा झोपले असताना मी ते शोधून काढलं आणि कानात इअरफोन घालून एकटीनं पाहिलं. अतिशय वृद्ध, कृश, करारी बाई. लहान मुलासारखे स्वच्छ डोळे. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं की वाचक आजही त्या कादंबरीच्या शेवटाबद्दल भांडतात, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, “भाऊ का आला नाही, असं पत्रांतून मला बायका विचारत. मी त्याला आणायचा पुष्कळ प्रयत्न केला हो. कित्येक दिवस कागद तसाच ठेवून बसले. पण तो येईना. तो आला असता तर सगळी गोष्टच खोटी झाली असती. मग तिला पाण्यात जाऊ देण्यावाचून माझ्या हाती काही उरलं नाही.”

 मार्गशीर्षातली ती तिरीप, ते तंतू, धागा न तुटताच थांबलेली माय, आणि पेठेतल्यासारखा बोललेला तो भाऊ, सगळं क्षणात उलगडलं. सातवी शिकलेली माझी माय चालत्या वाक्यात, ओरडता ओरडता, कुणाच्याही मदतीवाचून एक शेवट रचून गेली होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्यामागोमाग भीती वाटली. बाबा आता ऐंशीच्या पुढे. ज्या एका खोट्या संध्याकाळच्या आधारानं हा माणूस पुन्हा बोलू लागला, जेवू लागला, ती आता त्यांच्या हातून काढून घेणारी मी कोण? आणि काढून घेणार कोण, तर गोष्टीची खुद्द मालकीण!

म्हणून मी सबबी सुरू केल्या. नेट नाही, रेंज नाही, त्या बाईंचं काही सापडतच नाही. बाबा रोज विचारत, मी रोज नवी थाप मारी. ते दाराकडे तोंड करून ऐकून घेत, म्हणजे माझ्याचकडे पाहत. पण मोबाइलला तोंडी हुकूम सोडता येतो हे मीच त्यांना कौतुकानं शिकवलं होतं. एका दुपारी मी स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत असताना बाहेरचा कूलर बंद झाल्याचं जाणवलं, आणि त्या शांततेत बाबांचा आवाज आला. त्यांनी ते नाव घेतलं होतं, मायच्याच खणखणीत पट्टीत. मी हातातला झारा तसाच धरून बाहेर आले तोवर त्या स्वच्छ, करारी आवाजातलं वाक्य सुरू झालं होतं. भाऊ का आला नाही, असं पत्रांतून मला बायका विचारत.

धावत जाऊन मोबाइल ओढून घ्यावा असं वाटलं, पण तोवर उशीर झाला होता. बाबा अगदी निश्चल बसले होते, मान खाली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. बाईंचं बोलणं संपलं, टाळ्या झाल्या, कुणी तरी आभार मानले. मग व्हिडिओही संपला आणि कैरीच्या वाफेचा आंबट वास तेवढा खोलीत उरला.

“बाई खरं बोलते,” बाबा म्हणाले. मग मोबाइल चाचपून बाजूला ठेवत, “तिच्यानं भाऊ आणवला नाही. तुह्या मायनं आणला.”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. तुम्हाला माहीत होतं, असं विचारायला तोंड उघडलं, तोवर तेच सांगू लागले, तुटक तुटक, जुन्या कापडाची घडी उलगडावी तसे.

“ते थांबली ना, तवाच समजलं मले. नदीकाठी बसलेल्या पोरीचं पुढं काय होते, ते मले कोण सांगाव? म्या म्हटलं आता इचं रडू फुटते, गल्ली आयकते. धोट्यातली कांडी संपली होती. माग थांबवला असता तर तिचा आवाज उघडा पडला असता. मंग रिकामाच धोटा मारत राहिलो. तिचं होयेपर्यंत.”

बाहेर कुणाचा तरी पाण्याचा पाइप उघडा राहिला असावा. गच्चीवरून धार पडत होती. मी विचार करत होते तो बाबांचा नव्हता, मायचा होता. फोडणीच्या तडतडाटात, दोन भिंतींपलीकडून जिला कांडी संपल्याचं कळे, ती त्या दिवशी मागापासून हातभर अंतरावर बसली होती. तो पोकळ, कोरडा आवाज तिच्या कानावर पडला नसेल? कापड पुढे सरकत नाही आहे आणि तरी आपला नवरा हातपाय चालवतो आहे, हे त्या आवाजावरून तिला उमगलं नसेल? मग त्या दुपारी कोण कुणाला सांभाळत होतं? दोघं पुढे कितीतरी वर्षं एका ताटात जेवावं तशी जगली, हसली, भांडली, आणि माझ्या माहितीप्रमाणे या गोष्टीचा एक शब्दही त्यांच्यात कधी निघाला नाही. विचारायला आता माय नाही, आणि बाबांना विचारण्याची माझी छाती नाही.

 ऐंशी पार केलेल्या माणसासमोर हमसून रडू नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला. बाबांनी तेवढ्यात हाक मारली.

“शकू, कूलर लाव वं.”

“पाणी संपलं आहे बाबा टाकीतलं. नुसतीच गरम हवा येईल.”

“येऊ दे. आवाज तं होईन.”

मी उठून बटण दाबलं. कोरड्या ताट्यांतून कोरडा वारा घरघरत आला, कॅलेंडरची पानं फडफडली, आणि त्या घरघरीत मी पुन्हा त्यांच्या पायाशी येऊन बसले आणि पोटभर रडून घेतलं. बाबांना काही दिसलं नसणार, असंच मी धरून चालले आहे. ते माझ्याकडे बघतही नव्हते. तोंड फिरवून पार खिडकीकडे पाहत होते.